सॅकरिनशी वैर घेतलेला रसायनतज्ज्ञ

डाएट शीतपेयांत साखर नसते, तरी ती गोड लागतात. ही गोडी शरीराला कितपत मानवते, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत तो सरकारदरबारी नेला डॉ. हार्वे वायली यांनी.

१८४४ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी वायली जन्मले. पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवताना त्यांनी मध आणि काकवीतील भेसळ शोधली. १८८३ मध्ये ते कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ झाले. १९०२ पासून त्यांनी तरुण स्वयंसेवकांना जेवणातून बोरॅक्स, फॉर्मल्डिहाइड अशी टिकाऊपणासाठी वापरली जाणारी रसायने देऊन परिणाम तपासले. वर्तमानपत्रांनी या तरुणांना ‘विषपथक’ म्हटले. १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्यामागे वायलींचीच चिकाटी होती.

पुढे त्यांनी डबाबंद मक्यातील सॅकरिनवर बोट ठेवले. त्यांचा आक्षेप दुहेरी होता: ग्राहकाला साखर समजून भलताच पदार्थ खावा लागतो आणि तो आरोग्याला घातक आहे. मात्र अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यांचे डॉक्टरच रोज सॅकरिन देत. ते संतापले आणि त्यांनी तज्ज्ञांचे मंडळ नेमले. त्याचे प्रमुख होते आयरा रेम्सन. १८७९ मध्ये सॅकरिनचा शोध लागला तो त्यांच्याच प्रयोगशाळेत! मंडळाने अल्प प्रमाणातील सॅकरिन निरुपद्रवी ठरवले. तरीही १९१२ मध्ये नेहमीच्या अन्नात सॅकरिन वापरण्यास मनाई झाली. कारण दिले गेले ते अन्नाचा कस कमी होण्याचे. त्याच वर्षी वायलींनी राजीनामा दिला. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

वायली बरोबर होते का? अर्धेच. सॅकरिन विषारी आहे, हे त्यांचे म्हणणे टिकले नाही. उंदरांमधील कर्करोगाची भीतीही माणसांबाबत खरी ठरली नाही. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सॅकरिन व सुक्रालोजमुळे काही निरोगी व्यक्तींच्या आतड्यांतील जिवाणू आणि रक्तशर्करेचा प्रतिसाद बदललेला दिसला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये, असे सुचवले. ही सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारावे. इतरांनी तहानेला पाणी किंवा ताक प्यावे, आणि डबा घेतलाच तर त्यावरील घटक वाचावेत. ते छापलेले असावेत, यासाठीच वायली झगडले होते.