माधवराव महाराजांची दोन फुटी रेल्वे

ग्वाल्हेरला जाऊन आलेला माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो. एक म्हणजे किल्ला, आणि दुसरी जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी. छोटे रूळ, छोटं इंजिन, मागे डबे, आणि डब्यांत पाहुण्यांसाठी मद्याच्या सुरया आणि सिगार. गाडी पाहुण्यांच्या पुढून सरकत जायची. कोणी सुरई उचलली की थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. पाहणारा हसतो, फोटो काढतो आणि राजेलोकांचे शौक म्हणून सोडून देतो.

पण ज्या महाराजांची ही गाडी, त्यांनीच राजवाड्याबाहेर शेकडो किलोमीटरचे खरे रूळ टाकले. त्यावरून शंभर वर्षांहून जास्त काळ साधी माणसं, धान्याची पोती आणि बाजारहाट ये-जा करत होते. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते. म्हणून हा लेख माधवराव शिंदे यांच्यावर.

आधी एक घोळ मिटवू. शिंदे घराण्यात माधवराव अनेक झाले. पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांचा दबदबा पुन्हा उभा करणाऱ्या महादजींनाही कागदोपत्री माधवराव म्हटलेलं सापडतं. आपल्या आईवडिलांना आठवणारे माधवराव म्हणजे केंद्रात रेल्वेमंत्री असलेले. त्यांच्याच काळात, १९८८ मध्ये, पहिली शताब्दी एक्स्प्रेस सुरू झाली. आपण बोलतोय ते या रेल्वेमंत्र्यांच्या आजोबांबद्दल. आजोबा आणि नातू दोघांचं नाव एक आणि नाद पण एकच, रेल्वेचा.

आजोबा माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. वडील जयाजीराव १८८६ मध्ये वारले तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. कारभार रीजन्सी कौन्सिलकडे गेला, आणि १८९४ मध्ये अठराव्या वर्षी माधवरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले. संस्थान मोठं होतं, सुमारे पंचवीस हजार चौरस मैलांचं, पण सलग नव्हतं. उत्तरेला ग्वाल्हेर, भिंड, मुरैना, श्योपूर हा चंबळच्या बाजूचा मुलूख. दक्षिणेला माळव्यातले उज्जैन, मंदसौर वगैरे तुकडे, आणि मधे दुसऱ्यांची राज्यं. अशा राज्यात एका टोकाचा हुकूम आणि दुसऱ्या टोकाचं धान्य वेळेवर कसं पोचवायचं, हा प्रश्न गादीवर बसणाऱ्याला पहिल्या दिवसापासून पडणारच.

रेल्वे ग्वाल्हेरला आधीच आली होती, आणि त्यात जयाजीरावांचे पैसे होते. आग्रा ते ग्वाल्हेर मार्गासाठी त्यांनी १८७२ मध्ये ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले, आणि पुढच्याच वर्षी इंदूर–नीमच मार्गासाठी तेवढेच. पुढे हा मार्ग झाशीपर्यंत जोडला गेला आणि ग्वाल्हेर दिल्ली–मुंबईच्या मोठ्या रस्त्यावर आलं. लष्करमध्ये, म्हणजे शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या शहरात, बाहेरचा माल सहज मिळू लागला.

पण मोठी लाइन उत्तर-दक्षिण सरळ निघून जाते. तिच्या पूर्वेला भिंड, पश्चिमेला जौरा, सबलगढ, श्योपूर, दक्षिणेला सिप्री, म्हणजे आजचं शिवपुरी. ही सगळी ठिकाणं तिच्यापासून लांबच राहिली. मधे चंबळ आणि तिच्या उपनद्यांनी कोरलेले मातीचे घळघळीत नाले, ज्यांना तिकडे बीहड म्हणतात. पावसाळ्यात तिथे बैलगाडी चालणं अवघड. मोहरी, हरभरा, गहू पिकायचा, पण तो स्टेशनपर्यंत आणायचा खर्च इतका की व्यापारी पडेल भावाने घ्यायचा. वाहतुकीचा अभ्यास करणारे आज ज्याला मुख्य मार्ग आणि पोषक मार्ग म्हणतात, त्यातला दुसरा भाग इथे नव्हताच. मोठी नदी आहे, पण तिला ओढे मिळालेले नाहीत, असं काहीसं.

माधवरावांना इंजिनांचं वेड होतं हे खरंच. राजवाड्याच्या आवारात छोटे रूळ टाकून गाडी फिरवण्यापासून सुरुवात झाली. ते स्वतः इंजिन चालवायचे. इथवर ही गोष्ट कुठल्याही हौशी राजाची वाटते. पण त्यांच्याकडे आणखी एक खातं होतं, ज्याकडे चरित्रं लिहिणारे नुसती नजर टाकून पुढे जातात. ग्वाल्हेर संस्थान इंग्रजांच्या मदतीसाठी जी फौज ठेवत असे, त्यात घोडदळाबरोबर एक ट्रान्सपोर्ट कोअर होती. टट्टू आणि गाड्या घेऊन सैन्याचं सामान पोचवणारी ही तुकडी चित्रळ (१८९५) आणि तिराह (१८९७) इथल्या मोहिमांवर गेली. डोंगरात पीठ आणि दारूगोळा वेळेवर पोचला नाही तर शूर पलटण पण बसून राहते, हे त्या दरबारात सगळ्यांना कळलं असणार. १९०० मध्ये चीनच्या मोहिमेसाठी महाराजांनी स्वतःच्या खर्चाने दवाखान्याचं जहाज दिलं आणि जनरल गॅसलींच्या हाताखाली स्वतः चीनला गेले. यात इंग्रजांची मर्जी सांभाळणं होतंच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण वाहतूक म्हणजे काय, हे त्यांना फक्त खेळण्यावरून कळलं नव्हतं.

आता रुळांकडे येऊ. त्यांनी निवडलेलं माप दोन फुटांचं होतं, म्हणजे ६१० मिलिमीटर. मुख्य लाइनचं माप साडेपाच फूट, १६७६ मिलिमीटर. आपल्या नेरळ–माथेरानच्या गाडीचं (१९०७) माप दोन फुटांचंच आहे. बार्शी लाइट रेल्वेचं (१८९७) अडीच फुटांचं. साधारण त्याच दहा वर्षांत ठिकठिकाणी हा विचार चालला होता की सगळीकडे मोठी रेल्वे परवडणार नाही, मग लहान का टाकू नये? अरुंद गाडी तीव्र वळण घेऊ शकते. त्यामुळे टेकडी फोडण्यापेक्षा तिला वळसा घालता येतो. रूळ हलके, पूल हलके, भराव कमी. जिथे दिवसाला एक-दोन गाड्या पुरतात, तिथे हा हिशोब बरोबर बसतो.

१८९९ मध्ये भिंड आणि शिवपुरी या दोन्ही दिशांच्या लाइनी सुरू झाल्या. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन उद्घाटनाला आले. भिंडची लाइन साधारण ५३ मैल, शिवपुरीची ७४. तिसरी लाइन पश्चिमेकडची. ती १९०४ मध्ये सबलगढला आणि १९०९ मध्ये श्योपूरला पोचली. ग्वाल्हेर ते श्योपूर अंतर जवळजवळ २०० किलोमीटर. एवढ्या अरुंद मापाच्या एवढ्या लांब लाइनी जगात फार थोड्या.

१८९९ हे साल मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं. त्याच वर्षी पाऊस गेला आणि राजस्थान, माळवा, गुजरात या भागांत छप्पन्नचा दुष्काळ पडला (विक्रम संवत १९५६ म्हणून छप्पन्न). त्याआधी १८८० च्या फॅमिन कमिशनने दुष्काळावरचा मोठा उपाय म्हणून रेल्वेच सांगितली होती. धान्य जिथे आहे तिथून जिथे नाही तिथे नेता येतं, हे बरोबर. पण उलटंही होतं. ज्या गावात पैसा नाही तिथलं धान्य त्याच रेल्वेने चांगल्या भावाकडे निघून जातं. दादाभाई नौरोजींपासून अनेकांनी रेल्वेवर टीका केली, ती उगाच नाही. रूळ कोणाकडे काय नेतील, हे रूळ ठरवत नाहीत. मला वाटतं ग्वाल्हेर लाइट रेल्वेचा फरक इथे आहे. ती लंडनच्या भागधारकांना हमीचं व्याज देण्यासाठी नव्हती. ती संस्थानची होती, आणि तिन्ही लाइनी संस्थानच्याच तालुक्यांकडे जात होत्या.

तरी शिवपुरीच्या लाइनबद्दल थोडं कठोर बोलायला हवं. शिवपुरी ही उन्हाळ्यातली राजधानी. दरबार तिकडे जायचा, आणि भोवतीच्या जंगलात वाघांच्या शिकारीसाठी व्हाइसरॉय आणि पाहुणे यायचे. माधवरावांनी वाघाच्या शिकारीवर पुस्तकच लिहिलंय. तेव्हा त्या लाइनमध्ये प्रजेची सोय किती आणि सरकारस्वारीची किती, हा प्रश्न विचारायलाच हवा. श्योपूरच्या लाइनवर मात्र तशी शंका घेता येत नाही. तिकडे कोणता व्हाइसरॉय जाणार होता!

अरुंद मापाचा दोष नंतर दिसला. ग्वाल्हेर स्टेशनवर भिंडहून आलेलं पोतं छोट्या डब्यातून उतरवायचं आणि मोठ्या डब्यात चढवायचं. कोणताही डबा सरळ आग्र्याला जाऊ शकत नाही. प्रत्येक पोत्याला दोनदा हमाली, फाटतूट आणि उशीर. सुरुवातीला वाचवलेला पैसा असा रोज थोडा थोडा परत द्यावा लागतो. बार्शीवाल्यांना कुर्डुवाडीला हाच अनुभव आला.

बाकीचा कारभार थोडक्यात. वडिलांनी पुरून ठेवलेला खजिना तसाच ठेवण्याऐवजी माधवरावांनी पैसा उद्योगांत घातला. टाटांचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा खेळत्या भांडवलाचे चार लाख पौंड एकट्या ग्वाल्हेरच्या महाराजांनी दिले, आणि त्याच कारखान्यात पुढे रेल्वेचे रूळ तयार झाले. १९१८ मध्ये भातखंड्यांच्या मदतीने ग्वाल्हेरला संगीत विद्यालय निघालं, ते त्यांच्याच नावाने अजून चालतं. ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय ४८. मुलगा जिवाजीराव तेव्हा अजून लहान होता, म्हणजे ग्वाल्हेरला पुन्हा एकदा रीजन्सी. शिवपुरीला आई सख्याराजेंच्या छत्रीसमोर त्यांची संगमरवरी छत्री आहे.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, ही रेल्वे मध्य रेल्वेत गेली. शिवपुरीची छोटी लाइन आधी बंद झाली, भिंडची मोठ्या मापाची झाली. श्योपूरची राहिली. दोनशे किलोमीटरला दहा-अकरा तास. घोसीपुरा, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ, बीरपूर करत ती जायची. आत जागा नसली की लोक टपावर बसायचे, सायकली आणि दुधाचे कॅन खिडकीला लटकवायचे. बाहेरच्यांना ही गंमत वाटायची, व्हिडिओ निघायचे. पण ज्याला सकाळी जौऱ्याहून ग्वाल्हेरला पोचायचंय आणि जीपचं भाडं परवडत नाही, त्याला ती गंमत नव्हती. ते तिकीट त्याला परवडायचं, एवढंच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती थांबली, आणि त्यानंतर ब्रॉडगेजच्या कामासाठी जुने रूळ निघाले. आता जग श्योपूरला कुनोच्या चित्त्यांमुळे ओळखतं.

या सगळ्यात मला एक गोष्ट फार बोलकी वाटते. आज ब्रॉडगेजवरून गुणा–इटावा असा प्रवास केला तर गाडी शिवपुरी, ग्वाल्हेर, भिंड अशीच जाते. भिंड ते इटावा हा शेवटचा तुकडा २०१६ मध्ये सुरू झाला. श्योपूरची मोठी लाइन पण जुन्याच गावांना धरून चालली आहे. म्हणजे माप चुकलं असेल, पण कुठे जायचं हे त्या तेवीस वर्षांच्या मुलाने बरोबर ओळखलं होतं.

चांदीची गाडी मात्र जयविलासच्या टेबलावर अजून आहे. तिकीट काढून बघता येते.