बिनपडद्याची बेस : जॅको पॅस्टोरियस

ऑर्केस्ट्राच्या मंचावर गाणाऱ्याकडे सगळे बघतात, ढोलकीवाल्याकडे बघतात, कीबोर्डवाल्याकडेही बघतात. मागच्या बाजूला चार जाड तारांची लांब गिटार गळ्यात अडकवून एक माणूस उभा असतो, त्याच्याकडे कोणी फारसे बघत नाही. ते वाद्य म्हणजे बेस गिटार. तो माणूस वाजवायचा थांबला तर गाण्याच्या पायाखालची जमीन निघून गेल्यासारखे वाटते, पण तो वाजवीत असताना त्याची आठवण कोणाला होत नाही. या मागच्या माणसाला पुढे आणून उभे करणारा जो वादक अमेरिकेत होऊन गेला, त्याचे नाव जॅको पॅस्टोरियस. तो अवघा पस्तीस वर्षे जगला.

जॅकोचा जन्म १ डिसेंबर १९५१ रोजी पेनसिल्व्हानिया राज्यातील नॉरिसटाउन येथे झाला. पूर्ण नाव जॉन फ्रान्सिस अँथनी पॅस्टोरियस. योगायोग असा, की त्याच १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी आपली विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली आणि तिला प्रिसिजन, म्हणजे अचूक, असे नाव दिले. त्याआधी बेस म्हणजे माणसाहून उंच, उभे राहून वाजवायचे अवजड वाद्य. त्याच्या पट्टीवर खुणा नसत; सूर कुठे आहे ते बोटांनी आणि कानांनी शोधायचे. फेंडर यांनी नव्या वाद्याच्या पट्टीवर धातूचे पडदे बसवले. सतारीला असतात तसेच, फक्त न सरकणारे. दोन पडद्यांच्या मध्ये कुठेही बोट दाबा, सूर बरोबरच येणार. अचूक हे नाव त्यावरून आले.

जॅको लहान असतानाच कुटुंब फ्लोरिडात राहायला गेले. वडील ड्रम वाजवीत व गात. मुलगा सकाळी वर्तमानपत्रे टाकी आणि उरलेला वेळ ड्रम बडवी. तेराव्या वर्षी फुटबॉल खेळताना मनगट दुखावले. पुढे मनगटावर शस्त्रक्रिया झाली, पण जोराने ड्रम वाजवणे त्याला जमेना. तो ज्या वाद्यवृंदात होता तेथील बेस वाजवणारा सोडून गेला आणि ती जागा जॅकोने घेतली. म्हणजे ज्या वाद्यामुळे तो जगाला माहीत झाला, ते त्याच्याकडे आले ते एक मनगट निकामी झाले आणि एक जागा रिकामी झाली म्हणून.

जॅझ वाजवायचे तर जुनी उभी बेस पाहिजे, या विचाराने त्याने पैसे साठवून एक विकत घेतली. पण फ्लोरिडाची हवा दमट, आपल्या कोकणासारखी. त्या हवेने लाकूड उकलले आणि बेस तडकली. पुन्हा तेवढे पैसे कुठून आणायचे? तेव्हा त्याने जुन्या बाजारातून फेंडर कंपनीचीच १९६२ सालची जॅझ बेस घेतली. ती नव्वद डॉलरना मिळाली, असे सांगतात. या गिटारीला वीस पडदे असतात. जॅकोच्या गिटारीचे मात्र सगळे पडदे गेलेले होते. ते कोणी काढले, याची हकीकत त्याने स्वतःच दोन तऱ्हांनी सांगितली. एकदा सांगितले, की मी लोणी लावायच्या सुरीने उपटून काढले. दुसऱ्यांदा सांगितले, की घेतली तेव्हाच ती तशी होती. दुसरी हकीकत खरी असेल तर विकणाऱ्याच्या दृष्टीने तो बिघडलेला माल होता.

पुढचे काम मात्र त्याचेच. पडद्यांच्या रिकाम्या खाचा त्याने लाकडी पुट्टीने बुजवल्या. त्याला खरखरीत गुंडाळीच्या तारा आवडत; त्यांचा आवाज खणखणीत येतो, पण त्या कानशीसारख्या लाकूड खातात. म्हणून बोटींना लावतात त्या इपॉक्सीचे थरावर थर त्याने पट्टीवर चढवले. पट्टी काचेसारखी कठीण झाली, तारा टिकल्या, लाकूड वाचले आणि सूर लांबवर रेंगाळू लागला. बुजवलेल्या खाचांच्या रेघा तेवढ्या उरल्या. डोळ्यांना तेवढाच आधार.

पडदे काढल्याने काय होते, हे आपल्या वाद्यांवरून चांगले कळते. सारंगीला पडदे नाहीत, सरोदला नाहीत, व्हायोलिनला नाहीत. पं. गजाननबुवा जोशी यांच्यासारखा गवई व्हायोलिन हाती घेई तेव्हा गळ्यातली मींड तारेवर उतरे, कारण मध्ये अडवायला काही नसे. पडदा गेला की वाद्य गाऊ लागते. पण बोट केसभर चुकले तर ते बेसूरही होते आणि त्याचा दोष दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.

आमच्या हेंद्रेपाड्यात एक काका राहतात. पूर्वी ते ऑर्केस्ट्रात बेस वाजवीत. जॅकोचे नाव मी प्रथम त्यांच्याकडूनच ऐकले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे असे काही सांगण्यासारखे असले की काका मला हाक मारतात. त्यांच्याकडेही एक बिनपडद्याची बेस होती. गेल्या वर्षी ती विकायला काढली तेव्हा कल्याण-उल्हासनगरकडून गिऱ्हाइके आली. येणारा प्रत्येक जण आधी दांडीवरून हात फिरवी आणि पडदे कुठे गेले म्हणून विचारी. पडदे नाहीत म्हणजे मोडकी, तेव्हा किंमत कमी करा, असे त्यांचे म्हणणे. एकाने तर नवे पडदे बसवायला किती खर्च येईल त्याचा हिशेबच मांडला. काकांनी अठरा हजार सांगितले होते. शेवटी एक मुलगा आला. त्याने सुतार फळी बघतो तसा एक डोळा मिटून दांडी सरळ आहे का ते पाहिले, तारांनी पट्टीवर पाडलेले चरे नखाने तपासले, आवाजाची बटणे फिरवून कुठे खरखर येते का ते ऐकले. मग वाजवायला बसला. पहिली दहा मिनिटे सगळे बेसूर. तो हसत होता. त्याला काकांनी ती अकरा हजारांना दिली.

असो. सांगायचा मुद्दा हा, की बाजारात जी गोष्ट उणी धरतात त्याच गोष्टीवर जॅकोने आपले सारे वादन उभे केले. बिनपडद्याच्या बेस त्याच्याही आधी होत्या. फेंडर कंपनीने स्वतःच १९७० साली तशी एक काढली होती. पण त्या वाद्याला स्वतःची वाणी जॅकोने दिली. हाताशी विद्यापीठाची पदवी नसताना तो मायामी विद्यापीठात बेस शिकवू लागला, ही गोष्ट मला फार नवलाची वाटते. तिथे त्याची गाठ पॅट मेथेनी या तरुण गिटारवादकाशी पडली. त्याच सुमारास, १९७४ साली, तो वेदर रिपोर्ट या नावाजलेल्या वाद्यवृंदाचे जो झाविनूल यांना भेटला आणि आपण जगातले सर्वांत थोर बेसवादक असल्याचे त्याने सांगून टाकले. झाविनूल यांनी आधी त्याला झिडकारले. पुढे त्याच्या वादनाची ध्वनिफीत ऐकल्यावर त्यांनी जॅकोला विचारले, की तू विजेवरची बेसही वाजवतोस का? ऐकलेले वाद्य जुनी उभी बेसच असणार, अशी त्यांची समजूत झाली होती.

१९७६ हे जॅकोचे वर्ष. त्याच्या नावाची पहिली तबकडी निघाली. तिच्यातील पहिली रचना केवळ बेस आणि काँगा यांची. सॅक्सोफोनसाठी असलेली अवघड धावती चाल त्याने बेसवर काढली. पत्नी ट्रेसी हिच्या नावाने केलेली एक रचना तर जवळजवळ सबंध तारेच्या स्वयंभू स्वरांवर, म्हणजे तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणाऱ्या घंटेसारख्या नादावर, बांधलेली आहे. त्याच वर्षी तो वेदर रिपोर्टमध्ये गेला. १९७७ ची त्यांची हेवी वेदर ही तबकडी अफाट खपली. जोनी मिचेल या गायिकेच्या मागेही त्याने बेस वाजवली. तिथे ती साथ न राहता दुसरा गळाच होते.

पूर्वी तो दारूला शिवत नसे. वेदर रिपोर्टच्या दौऱ्यांत दारू आली, मादक पदार्थ आले. १९८२ साली त्याने तो वाद्यवृंद सोडला. त्याच वर्षी त्याला मनाचा आजार असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. कधी मन आभाळाला टेकते, कधी पाताळात जाते, असा तो आजार. लोक म्हणत, कलावंत आहे, चक्रमपणा करणारच. आजाऱ्याला चक्रम म्हटले की औषधाची जबाबदारी कोणावरच राहत नाही. दोन लग्ने, चार मुले, इतके सारे असताना हा माणूस न्यूयॉर्कमध्ये घरादारावाचून उद्यानांत राहू लागला.

ती बेसही त्याच्याबरोबर मोडत गेली. एकदा तिचे अक्षरशः तुकडे झाले. ते गोळा करून केव्हिन कॉफमन आणि जिम हॅमिल्टन या दोन कारागिरांनी ती पुन्हा जोडली. त्यानंतर १९८६ साली मॅनहॅटनमधील एका उद्यानाच्या बाकावरून ती चोरीला गेली. त्याच वर्षी जॅकोला इस्पितळात ठेवावे लागले.

११ सप्टेंबर १९८७ च्या रात्री तो फ्लोरिडात सँटाना यांच्या कार्यक्रमात मंचावर घुसला. त्याला बाहेर काढण्यात आले. तिथून तो एका क्लबवर गेला. आत घेईनात म्हणून दाराला लाथा मारल्या. दारावरच्या माणसाने त्याला इतके मारले, की तो शुद्धीवर आलाच नाही. २१ सप्टेंबरला तो गेला. मारणाऱ्याला बावीस महिन्यांची शिक्षा झाली. तो चार महिन्यांत सुटला.

बेस सापडली ती जवळजवळ वीस वर्षांनी, न्यूयॉर्कमधील एका गिटारीच्या दुकानात. जुन्या बाजारात वस्तू हातोहात फिरते आणि प्रत्येक हाताने तिचे पैसे मोजलेले असतात. दुकानदार ती सोडीना. जॅकोच्या मुलांनी वकील लावले. खटल्याच्या खर्चाने ते घर मेटाकुटीला आले. शेवटी मेटॅलिका या वाद्यवृंदाचा बेसवादक रॉबर्ट त्रुहियो, जो जॅकोला लहानपणापासून मानत आला होता, त्याने पैसे भरून ती सोडवली. सोडवताना त्याने लिहून दिले, की जॅकोच्या कुटुंबाला ती हवी असेल तेव्हा, आपण भरले तेवढ्याच पैशांत, आपण ती देऊ.