शिशाच्या बॅटरीचा जनक

जुन्या मोटारीचे इंजिन उतरवून तिथे विजेची मोटर बसविण्याचा घरगुती खटाटोप जालना जिल्ह्यातील एखाद्या गॅरेजमध्ये करायचा झाला, तर हाताशी सहज सापडते ती ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी. भारनियमनाच्या काळात ती मराठवाड्यात अनेक घरांत पोहोचली आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालणे हे घरकामाचाच भाग झाले. या बॅटरीचे जनक फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते.

फ्रान्सच्या नैऋत्येकडील ऑर्थेझ येथे २२ एप्रिल १८३४ रोजी त्यांचा जन्म झाला. धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे विख्यात पियानोवादक झाला. गास्तों १८५४ मध्ये पॅरिसच्या एका विज्ञानसंस्थेत साहाय्यक म्हणून रुजू झाले. दुसऱ्याच वर्षी त्यांना पॅरिसजवळ एका प्रचंड प्राचीन पक्ष्याचे जीवाश्म सापडले आणि त्या पक्ष्याला त्यांच्याच नावावरून गास्टोर्निस हे नाव मिळाले. बॅटरी लावली नसती, तरी नाव राहिलेच असते!

१८५९ मध्ये त्यांनी शिशाचे दोन पातळ पत्रे घेतले, मध्ये विलग करणाऱ्या पट्ट्या ठेवून त्यांची गुंडाळी केली आणि ती सौम्य गंधकाम्लात बुडविली. वीज सोडताच एका पत्र्यावर शिशाचा डायऑक्साइड धरला. प्रवाह बंद केल्यावर तीच वीज परत मिळू लागली. पुन्हा भरता येणारा हा पहिला व्यवहार्य विद्युतघट. अशा नऊ घटांची बॅटरी त्यांनी १८६० मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवली.

पण ती भरायची कशाने? डायनॅमो प्रचारात आला तो १८७० च्या दशकात. तोवर जस्त खाणाऱ्या साध्या घटांवरच भिस्त होती. शिवाय पत्रा पुरेसा सच्छिद्र होईपर्यंत तो महिनोन्‌महिने भरत आणि रिकामा करत राहावे लागे. प्लान्ते यांनी हे काम वीस वर्षे चिकाटीने केले. आठशे घट एकत्र जोडून ते आकाशातील विजेसारख्या ठिणग्यांचा अभ्यास करीत राहिले. १८८१ मध्ये कामीय फॉर यांनी शिशाच्या ऑक्साइडचा लेप पत्र्यावर देण्याची युक्ती काढली आणि कारखानदारीची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी गुस्ताव्ह त्रूव्हे यांनी पॅरिसमध्ये तयार तीनचाकी सायकलला मोटर आणि प्लान्ते यांचे घट जोडून ती रस्त्यावर चालविली. आजच्या घरगुती प्रयोगांचे मूळ तिथे आहे.

अडचणही तेव्हाचीच आहे. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांच्या सहा बॅटऱ्या जोडल्या, तर कागदावर सुमारे सात युनिट वीज साठते. आयुष्य टिकवायचे, तर त्यातली निम्मीच वापरावी. वजन मात्र दीडशे किलोंच्या वर जाते. गाडी बरेच दिवस न भरता उभी राहिली, तर पत्र्यांवर शिशाचे सल्फेट कडक बसते आणि बॅटरी निकामी होते.

असे असूनही २९ एप्रिल १८९९ रोजी कामीय जेनात्झी यांनी शिशाच्याच बॅटऱ्यांवर ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. मोटारीने शंभरी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. प्लान्ते ती पाहायला नव्हते. पॅरिसजवळच्या बेलव्ह्यू येथे २१ मे १८८९ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले होते.