जांभळा क्षार

आल्फ्रेड वर्नर यांचा जन्म १२ डिसेंबर १८६६ रोजी फ्रान्समधील म्यूलूझ या गावी झाला. रसायनशास्त्राच्या अध्ययनासाठी ते स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे गेले.

कोबाल्ट धातूच्या क्लोराइडाशी अमोनियाचा संयोग झाला, म्हणजे रंगीबेरंगी क्षार तयार होतात. धातूच्या एका अणूभोवती इतके सोबती कसे राहतात, हे मोठे कोडे होते. कोपनहेगनचे विख्यात रसायनज्ञ यॉर्गेनसेन त्यांची साखळी कल्पीत असत. एके रात्री दोन वाजता वर्नर यांना जाग आली, ती उत्तर घेऊनच! सायंकाळी पाचपर्यंत त्यांची लेखणी थांबली नाही. मध्यभागी धातूचा अणू, चार बाजूंना चौघे, एक माथ्यावर व एक पायथ्याशी, असे सहा सोबती त्यांनी मांडले. १८९३ साली हा सिद्धांत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे २६ होते.

आता, चार जागी अमोनिया व दोन जागी क्लोरीन असेल, तर ते दोन क्लोरीन शेजारी-शेजारी तरी असतील किंवा समोरासमोर तरी. म्हणजे घटक तेच, प्रमाण तेच, आणि क्षार मात्र दोन! त्यांपैकी हिरवा क्षार ठाऊक होता; त्याचा जोडीदार कोणीच पाहिला नव्हता. तो मिळाला नाही, तर सिद्धांत टिकणार कसा? गंमत अशी की, वर्नर ज्या प्रयोगांचा आधार घेत, त्यांतील कितीतरी यॉर्गेनसेन यांनीच अत्यंत काटेकोरपणे केलेले होते. अखेर १४ वर्षांनी, १९०७ साली, वर्नर यांच्या हाती तो जांभळा क्षार आला आणि यॉर्गेनसेन यांनी आपला पराभव मान्य केला.

१९१३ साली वर्नर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १५ नोव्हेंबर १९१९ रोजी झुरिक येथेच त्यांचे निधन झाले.