गाडगेबाबांचा खराटा आणि आपल्या ओट्यावरचे कच्चे चिकन

रविवारी घरोघरी चिकन शिजते आणि पुढच्या दोन-चार दिवसांत नांदगाव पेठच्या माझ्या दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण येतात. रस्सा चांगला उकळला होता, मग असे कसे झाले, असे घरचे विचारतात. कारण बहुधा रश्श्यात नसते; ते ओट्यावर, सुरीवर आणि हातांवर असते. हे समजावताना मला आपल्याच जिल्ह्यातले गाडगेबाबा आठवतात.

डेबूजी ते गाडगेबाबा

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई त्यांना घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी आली. तिथे मामांकडे गुरे राखत आणि शेती करत ते मोठे झाले. शाळा मिळाली नाही.

मुलीच्या बारशाला मटण आणि दारूचे जेवण घालण्याची रीत होती. डेबूजींनी ती मोडून गोड जेवण दिले. नातेवाईक नाराज झाले, पण ते बधले नाहीत. 1905 मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, नाल्या मोकळ्या करायच्या आणि रात्री कीर्तनातून दारू, कर्ज, अंधश्रद्धा आणि देवापुढे दिल्या जाणाऱ्या कोंबड्या-बकऱ्यांच्या बळीवर बोलायचे. लोकांच्या देणग्यांतून धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे उभी राहिली. पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट झाला.

बाबांना कोंबडी कापणेच मान्य नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण ज्यांच्या घरी चिकन शिजते, त्यांनाही त्यांच्या खराट्याकडून शिकण्यासारखे आहे. घाण गोळा करून बाहेर काढणे म्हणजे स्वच्छता. ती इकडची तिकडे उडवणे म्हणजे स्वच्छता नव्हे.

चिकन धुताना नेमके हेच चुकते

साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्याही आतड्यात असू शकतात. कापताना ते मांसाला लागतात. मांसाचा रंग किंवा वास बदलत नाही, त्यामुळे ताजे चिकन निर्धोकच असते असे नाही. नळाखाली धुतल्याने हे जंतू जात नाहीत. शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. हळद-मीठ चोळल्यानेही त्यांचा भरवसा नाही. नीट शिजवल्यावर ते मरतात. पण त्याच सुरीने कापलेले कांदा-काकडी आपण कच्चेच खातो.

घरी एवढे करा

- चिकन दुकानातूनच साफ करून, तुकडे करून आणा. घरी नळाखाली धुऊ नका.
- कच्च्या चिकनची सुरी आणि पाट वेगळा ठेवा. कोशिंबीर आधी चिरून घ्या.
- कच्च्या चिकनला हात लागल्यावर साबणाने किमान 20 सेकंद हात धुवा. ओटा आणि बेसिनही साबणाने धुवा.
- फ्रीजमध्ये कच्चे चिकन झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा.
- हाडाजवळ गुलाबी भाग किंवा लालसर रस राहू देऊ नका. आतले तापमान 74 अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवे.
- उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. आपल्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तासाभरातच. खाताना पुन्हा वाफाळेपर्यंत गरम करा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. शौचात रक्त, जोराचा ताप, पाणीही न टिकणे, लघवी खूप कमी होणे, डोळे खोल जाणे किंवा सुस्ती दिसली तर त्याच दिवशी दाखवा. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसे आणि मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेल्यांच्या बाबतीत वाट पाहू नका. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या किंवा जुलाब बंद करणारे औषध मनाने देऊ नका.

20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे. त्यांच्या नावाने आपण गाव झाडतो. रविवारी चिकन शिजवण्याआधी आणि नंतर आपला ओटाही तितक्याच मनापासून स्वच्छ करूया.