पाटणच्या मातीतला सावलीचा हिशेब

पाटणादेवी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पावसाळा, धबधबा, बाईकवरची गँग आणि शंभरेक सेल्फी. जळगाव असो की धुळे, कॉलेजात असताना चाळीसगावकडे एक तरी ट्रिप होतेच. पण याच पाटणच्या देवळात सापडलेल्या एका शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे, हे किती जणांना माहितीय?

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीजवळचं विज्जलविड हे आपलं गाव, असं त्यांनी लिहून ठेवलंय. ते गाव पाटणजवळचं की दुसरीकडचं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. आपल्याला ऐकून माहीत असलेली ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. पुढे ६९ व्या वर्षीही ‘करणकुतूहल’ लिहून झाला. रिटायरमेंट वगैरे भानगडच नाही!

‘लीलावती’त सावलीवर वेगळं प्रकरण आहे. त्यातलं एक उदाहरण बघा. दिवा साडेतीन हात उंच. त्याच्यापासून तीन हातांवर १२ अंगुळांची, म्हणजे अर्ध्या हाताची काठी उभी. तर काठीची सावली किती?

दिव्यापासून काठीच्या टोकावरून जमिनीपर्यंत सरळ रेष ओढा. काठीच्या टोकापेक्षा दिवा तीन हात वर आणि दोघांतलं अंतरही तीन हात. काठी आणि सावलीचा छोटा त्रिकोण अगदी त्याच आकाराचा, फक्त सहापट लहान. मग काठी अर्धा हात, तर सावलीही अर्धा हात. आकार तोच, माप वेगळं. दहावीत ज्याने घाम फोडला ते समरूप त्रिकोण म्हणजे हेच. सिव्हिलवाल्यांचं ड्रॉइंग आणि मोबाइलमधला नकाशाही याच प्रमाणावर चालतो. भास्कराचार्य हा हिशेब त्रैराशिकाने करायचे आणि जवळपास सगळं गणित त्रैराशिकाचाच विस्तार आहे, असं मानायचे.

पण नुसता ग्रंथ लिहून भागत नाही, तो शिकवणारंही कुणीतरी लागतं. ते काम नातवाने केलं. यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी असलेल्या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. स्थानिक निकुंभ राजाने त्याला दान दिलं. १२०७ च्या सुमाराचा तो शिलालेख याच दानाचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो जगासमोर आणला. म्हणजे ८०० वर्षांपूर्वी आपल्या खान्देशात गणित-ज्योतिषाचं चक्क एक कॉलेज होतं!

आज तिथे वर्ग भरत नाहीत. पण ऊन तेच आहे. पुढच्या ट्रिपला सपाट जागी एक काठी उभी करा, तिची सावली मोजा, लगेच शेजारच्या झाडाचीही मोजा. काठीची सावली काठीच्या दुप्पट भरली, तर झाडाची उंची त्याच्या सावलीच्या निम्मी. झाडावर न चढता उंची हातात! सेल्फी काय, नंतरही काढता येईल.