हवेतील 'अत्यल्प' वायूंची ताकद मोजणारे टिंडाल

दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता बाहेर सोडते. ती सगळीच अवकाशात निघून गेली, तर पृथ्वी गोठेल. ती कोण अडवते, हे जॉन टिंडाल यांनी प्रयोगाने दाखवले.

आयर्लंडमध्ये १८२० साली जन्मलेले टिंडाल आधी जमीनमोजणीचे काम करत. पुढे जर्मनीत डॉक्टरेट मिळवून १८५३ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. तिथे १८५९ मध्ये त्यांनी लांब पितळी नळीत एकेक वायू भरून त्यातून उष्णता पाठवली. नळीची तोंडे सैंधवाच्या चकत्यांनी बंद केली, कारण काच ही उष्णता अडवते, सैंधव अडवत नाही. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग असलेल्या नायट्रोजन व ऑक्सिजनमधून ती जवळजवळ पूर्ण पार झाली. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइडने मात्र ती शोषली.

याच पद्धतीने त्यांच्या प्रयोगशाळेत उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडही मोजला गेला. आज शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवणारे यंत्र याच तत्त्वावर चालते.

उतारवयात टिंडाल यांना निद्रानाश जडला. १८९३ मध्ये पत्नीने दुसरे औषध समजून चुकून क्लोरल हे झोपेचे औषध जास्त दिले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या काळी हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०३ टक्क्यांहून कमी होता. कोळसा आणि तेल जाळून आपण तो ०.०४ टक्क्यांच्या पुढे नेला आहे. आकडा लहान दिसतो, पण औषधाप्रमाणे इथेही परिणाम मात्रेवर ठरतो.